टॅबवरचं कलकत्ता

कामासाठी परगावी निघालेल्या माणसाला पूर्वी पत्ता मिळायचा, आता ॲप मिळतं. “कलकत्त्याला निघालात? आमच्या मेहुण्याचा मावसभाऊ असतो तिकडे. हाजरा रोडला, महाराष्ट्र निवासाच्या जवळच,” असं म्हणत कुणीतरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पत्ता खरडून द्यायचं. हा मावसभाऊ स्टेशनवर घ्यायला यायचा नाही, पण एक वेळचं जेवण चुकवू द्यायचा नाही आणि पगार किती पडतो हे काढून घेतल्याशिवाय ताटावरून उठू द्यायचा नाही. आता ऑफिसात दौऱ्याची बातमी फुटली की प्रत्येक टेबलावरून एकेक ॲप सुचवलं जातं. ॲप पगार विचारत नाही. त्याला तो बहुधा आधीच माहीत असतो.

ही सगळी ॲपं फोनवर चालतात. तरीही कंपनी टॅब देते, कारण प्रेझेंटेशन दाखवायचं असतं. टॅबचा मोठा फायदा असा की चाळिशी लागलेल्या डोळ्यांना नकाशावरच्या गल्लीचं नाव चष्मा न शोधता वाचता येतं. तोटा असा की फोनकडे बघत उभा असलेला माणूस त्याच शहरातला असू शकतो, पण टॅक्सीच्या मागच्या सीटवर मांडीवर टॅब पसरून, दोन्ही हातांनी शहर मोठं-लहान करणारा माणूस नक्कीच बाहेरचा असतो. हे टॅक्सीवाल्याला कळतं, सिग्नलवर खेळणी विकणाऱ्या पोरालाही कळतं.

त्यातून कंपनीनं बचत केलेली असते ती नेमक्या जागी. नुसत्या वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. ते सिमकार्डवाल्या, महागड्या आयपॅडमध्ये असतं. म्हणजे अमेरिकेनं वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरते ठेवले, त्यातल्या चारांचे संकेत मिळाले की जगात कुणालाही आपली जागा फुकट कळावी अशी सोय केली, आणि आमच्या खरेदी विभागानं ती नाकारली. मग असा टॅब आसपासच्या वाय-फायवरून आपण कुठे असू याचा अंदाज बांधतो. हॉटेलच्या खोलीत हा अंदाज उत्तम असतो. पण खोलीत असताना आपण खोलीत आहोत हे आपल्यालाही ठाऊक असतं. बाहेर पडल्यावर आपण हावडा पुलावर पोचतो आणि निळा ठिपका अजून हॉटेलात नाश्ता करत असतो. फोनचा हॉटस्पॉट जोडला की तो धावतपळत येतो म्हणा. पण फोन बाहेर काढलाच आहे, तर नकाशाही त्यावरच बघितलेला काय वाईट?

शहराचा नकाशा आदल्या रात्री उतरवून ठेवावा, हा सल्ला मात्र सोन्यासारखा आहे. गूगलचा उतरवलेला नकाशा नेट नसतानाही गाडीचा रस्ता दाखवतो. पायी कसं जायचं, मेट्रो कुठली धरायची आणि पुढे गर्दी किती, यावर तो मौन पाळतो. मला हे मौन आवडतं. जे माहीत नाही ते न बोलणं हा गुण त्या मावसभावातही नव्हता.

पण कलकत्ता हे शहर नकाशाची परीक्षा बघण्यासाठीच वसवलं असावं. इथले बरेच रस्ते एकेरी आहेत आणि त्यांतल्या काहींची दिशा दुपारी उलटते. सकाळी ज्या रस्त्यानं आलात त्यानंच संध्याकाळी परत जाता येतं, पण मधल्या वेळी मिटिंग लवकर संपली तर पंचाईत. ॲपला हे वेळापत्रक सांभाळताना घाम फुटतो. पिवळ्या टॅक्सीवाल्याला मनगटावरचं घड्याळ पुरतं.

रस्त्यांच्या नावांची गंमत आणखी वेगळी. शहराचं अधिकृत नाव 2001 साली बदललं, रस्त्यांची त्याच्या कितीतरी आधीपासून बदलत आली आहेत, आणि लोकांनी दोन्ही बदल सभ्यपणे ऐकून घेतले आहेत. टॅबमधली बाई “शेक्सपिअर सरणी” म्हणते, ड्रायव्हर “थिएटर रोड” म्हणतो. निदान इथे विषय तरी बदललेला नाही. हॅरिंग्टन स्ट्रीटवर अमेरिकेचा वाणिज्य दूतावास आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्या रस्त्याला हो चि मिन्ह यांचं नाव दिलं गेलं. तेव्हापासून अमेरिकन अधिकाऱ्यांना पत्ता सांगताना रोज त्यांचं नाव घ्यावं लागतं. इतका शालीन सूड मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिलेला नाही. डलहौसी स्क्वेअरचं बी.बा.दी. बाग झालं ते 1930 साली रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरून इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडणाऱ्या बिनय, बादल आणि दिनेश या तीन तरुणांच्या नावानं. ही गोष्ट मला ड्रायव्हरनं सांगितली. टॅबमधली बाई तेवढ्यात फक्त “दोनशे मीटरवर डावीकडे वळा” म्हणाली, आणि तो रस्ता त्या वेळेला बंद होता.

या ड्रायव्हरशी बोलायचं हिंदीत. तशी भाषांतराच्या ॲपमध्ये बांगला उतरवून घेतलेली असते, कॅमेरा पाटीवर धरला की अक्षरं थरथरत आपल्या लिपीत येतात, सगळं खरं. पण टॅक्सीत त्याची गरज पडत नाही. बांगलात व्याकरणातलं लिंग नाही, मराठीत तीन आहेत. त्यामुळे हिंदीच्या दोन लिंगांपाशी तो शून्यावरून चढत येतो, आपण तीनावरून उतरत येतो, आणि दोघंही मधल्या पायरीवर नेमके चुकतो. “दादा, गाडी कब छूटेगा?” यावर दोन्ही बाजूंना पूर्ण समाधान असतं. ‘दादा’ तर इकडेही चालतो, तिकडेही.

गाडीवरून आठवलं. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप मला या सगळ्या घोळक्यात मनापासून आवडतं. बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीनं ते केलं आणि 2018 मध्ये गूगलनं ती कंपनीच विकत घेतली. गाडीत बसल्यावर ते इंटरनेट मागत नाही, जीपीएसही मागत नाही. वाटेतल्या मोबाईल टॉवरांवरून गाडी कुठे आली ते ओळखतं. रात्री तीन वाजता झारसुगुडा गेलं की यायचंय, एवढाच प्रश्न असलेल्या माणसाला आणखी काय हवं? अर्थात टॉवर ओळखायला सिम लागतं, म्हणजे आमच्या टॅबवर त्याचाही उपयोग नाही. टॅब वरच्या बर्थवर, बॅगेत, उशाखाली. प्रवासात त्याचा खरा धंदा राखणीची गोष्ट होऊन बसणं हाच असतो.

बाकीची ॲपं झटपट सांगतो. हवामानाचं ॲप चैत्र-वैशाखात दुपारी “वादळाची शक्यता” म्हणतं. काळबैशाखी तेवढ्यात येऊन छत्री उलटी करून गेलेली असते. राज्य सरकारचं ‘यात्री साथी’ बरं आहे, त्यावर पिवळी टॅक्सी मिळते आणि भाड्यावरून घासाघीस होत नाही. हॉटेलांच्या ॲपवरच्या फोटोतल्या खिडक्यांबद्दल न बोललेलं बरं.

माझ्या मते कामाच्या प्रवासातलं सगळ्यात भरवशाचं ॲप कुणी सुचवत नाही, कारण ते ॲप नाहीच. तो स्क्रीनशॉट. तिकीट, हॉटेलचा पत्ता, भेटायच्या साहेबांचा मजला, परतीचा पीएनआर, सगळ्यांचे आदल्या रात्री फोटो काढून ठेवावेत. ते लॉगिन मागत नाहीत, ओटीपी पाठवत नाहीत, “नवी आवृत्ती उपलब्ध आहे” म्हणून ऐन फाटकात अडवत नाहीत. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूची कामगिरी आज हाच पार पाडतो.

खर्चाचा हिशेब ठेवणारं ॲपही कंपनी देते. पावतीचा फोटो काढा, रक्कम ते स्वतःच वाचतं, तारीखही. झालमुडीवाला पावती देत नाही, पण झालमुडीचे पैसे मागायची हिंमतही कुणी करत नाही. अडचण मेट्रोची. देशातली पहिली मेट्रो, 1984 ची. आता ती हुगळी नदीच्या खालूनही जाते, रस्त्यांच्या उलटसुलट दिशांचा तिला उपद्रव नाही, म्हणून मी शक्यतो तिनंच फिरतो. प्लास्टिकचं गोल टोकन घ्यायचं, आणि उतरल्यावर बाहेर पडताना फाटक ते गिळून टाकतं. पुण्याला परतल्यावर अकाउंट्समधल्या मॅडमनी टॅबवरचा हिशेब वर-खाली सरकवून पाहिला.

“दहा रुपये मेट्रो. पुरावा?”

“मॅडम, टोकन फाटकानं घेतलं.”

“मग आत टाकण्याआधी स्क्रीनशॉट काढायचात ना.”