विसरलेला वादक कसा शोधावा : जालनेकर नवशिक्यांसाठी

जुन्या वस्तू जमवायच्या तर पैसा लागतो. विसरलेले वादक आणि सिनेमे शोधायला फक्त थोडा तोरा लागतो, आणि तो जालन्यात मुबलक मिळतो.

सगळ्यात आधी भंगारवाला गाठा. दुसऱ्या गावात हे काम सवडीने केलं तरी चालतं. आपल्याकडे पोलादाच्या भट्ट्या आहेत. आज दिसलेला ग्रामोफोनचा पत्र्याचा भोंगा उद्या सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतो. तबकडी मिळाली तर वाजवायची घाई नको. 78 फेऱ्यांची तबकडी लाखेची, हातातून पडली की संपली. शिवाय वाजवायची तर सुई वरचेवर बदलावी लागते आणि सुया सहजी मिळत नाहीत, त्यामुळे गाणी तुम्ही मोबाइलवरच ऐकणार. हे कुणाला सांगू नये.

मग लेबल वाचा. नवशिका 'चितळकर' आणि 'सी. रामचंद्र' यांची वेगवेगळी चौकशी करत बसतो. माणूस एकच, पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर. गायला की चितळकर, चाल बांधली की सी. रामचंद्र. पुणतांबं अहिल्यानगर (जुन्या नगर) जिल्ह्यात पडतं, पण गोदाकाठी. तीच गोदावरी पुढे अंबड-घनसावंगीच्या कडेने जाते, तेव्हा त्याला आपला म्हणायला हरकत नाही.

मात्र सी. रामचंद्र सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे तुमच्या कामाचा नाही. 'अलबेला' (1951) लावा. 'दीवाना परवाना' सुरू झालं की गीता बालीकडे बघायचं नाही. अवघड आहे, पण छंद म्हटला की त्याग आलाच. तिथे झालरीच्या बाह्यांचा एक बँड दिसेल. त्यातला ट्रंपेटवाला म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म 1916. मुंबईच्या जाझ वर्तुळात त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात वाजवायचं आणि दिवसा सी. रामचंद्रच्या गाण्यांत तोच जाझचा झोका आणायचा, हा त्याचा उद्योग.

यामागचं गणित नीट समजून घ्या, कारण पुढे हेच मिरवायचं आहे. गोव्यात चर्चच्या शाळांत पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. आपले संगीतकार पेटीवर चाल सांगत. ती कागदावर उतरवून सॅक्सोफोन कुठे, व्हायोलिनं कुठे, हे ठरवायला लिहिता-वाचता येणारा वादक लागे. श्रेयनामावलीत तो 'साहाय्यक' व्हायचा, तेही नाव आलंच तर. सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही नावं पाठ करा. शेवटचं ऐकून लोक अमिताभचं गाणं म्हणायला लागतील. त्यांना शांतपणे सांगा, की त्या गाण्याच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालला व्हायोलिन शिकवणारे हेच, आणि गाण्यातलं नाव यांच्यावरूनच आलं. हे खरं असल्यामुळे पुढे वाद होत नाही.

असं मागे पडण्याचा परदेशी दाखला एक पुरे. 1947 साली न्यू ऑर्लिन्सच्या रॉय ब्राउनने 'गुड रॉकिन टुनाइट' गायलं. 1954 मध्ये ते एल्व्हिसने गायलं आणि ब्राउन बाजूला राहिला. इकडे त्याच 1947 मध्ये सी. रामचंद्रच्या 'शहनाई'तलं रविवारचं गाणं गाजलं. दोन्ही गाणी एका वाक्यात घेतली की समोरचा गप्प होतो.

आता 'अलबेला'चे नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा. अमरावतीत जन्मलेले भगवान आबाजी पालव. 'अलबेला'ने बंगला आणि मोटारी दिल्या, पुढच्या सिनेमांनी त्या नेल्या. 2002 साली ते गेले तेव्हा दादरच्या चाळीत राहत होते. पण अस्सल जाणकाराने 'अलबेला'चं कौतुक करू नये. त्याने त्याआधीच्या स्वस्त मारधाडपटांवर बोलावं. ते सहजी पाहायला मिळत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल ठामपणे बोलता येतं.

अखेरची सूचना: लग्नसराईत वराती टाळा. बँडवाला काहीही वाजवो, नवऱ्याचे मामा कोपरं वाकवून, कंबर जेमतेम हलवत जागच्या जागी जो नाच धरतात, तो भगवानदादांचाच. मामांनी 'अलबेला' पाहिलेला नसतो. त्यांना तो अमिताभचा वाटतो. भगवानदादांना लोक विसरले, हे तुम्ही तिथे पोटतिडकीने सांगायला जाल आणि मामा तुमच्या हातातली पिशवी कुणाकडे तरी देऊन तुम्हालाच नाचात ओढतील.