कंसातील योग्य शब्द

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ज्याला मुळीच घाबरू नये असा एकच प्रश्न असतो : कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. निबंधाला विचार लागतात, पत्राला पत्ता लागतो आणि कवितेच्या रसग्रहणाला थोडा तरी रस असावा लागतो. इथे यातलं काही नको. उत्तर कंसात आधीच येऊन बसलेलं असतं, त्याला उठवून पुढच्या जागेवर बसवायचं, एवढंच.

माझी भाची पोलादपूरला पाचवीत शिकते आणि या प्रश्नात तिचा हात कोणी धरत नाही. सुट्टीत ती महाडला आली की मी तिचा अभ्यास घेतो, म्हणजे ती माझा घेते. 'राजाने प्रजेला ____ दिले.' कंसात तीन शब्द : हुकूम, आज्ञा, अभय. तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत 'अभय' लिहिलं.

"अभय म्हणजे काय गं?" मी कौतुकाने विचारलं.

"ते मला काय माहीत? पण मामा, पुढे 'दिले' आहे ना! हुकूम दिला असता, आज्ञा दिली असती. मग उरलं कोण?"

मराठी क्रियापदाच्या पोटात काही राहत नाही हेच खरं. पुढे कोण बसलंय, पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, ते सगळं ते आधीच बडबडून मोकळं होतं. या एका चुगलखोर सवयीवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या शब्दांचे अर्थ न कळता उत्तीर्ण झाल्या आहेत. इंग्रजीत ही सोय नाही. तिकडे हुकूम, आज्ञा, अभय सगळ्यांची एकाच 'गेव्ह'वर बोळवण होते, त्यामुळे शब्दाचा अर्थ ठाऊक असावा लागतो. फार कटकटीची भाषा.

पण वहीबाहेर कंस नसतो, तिथे खरी परीक्षा. महाडच्या एसटी स्टँडवर कोणी "गाडी लागलीऽ" म्हणून ओरडलं, की माणसं पिशव्या उचलून गाडीकडे धावतात. तीच गाडी पोलादपूर सोडून आंबेनळी घाटात चढायला लागली, की चौथ्या-पाचव्या वळणावर मागच्या बाकावरून क्षीण आवाज येतो, "गाडी लागली." आता तीच माणसं त्याच पिशव्या उचलून लांब सरकतात. स्टँडवर गाडी फलाटाला लागलेली असते, घाटात ती प्रवाशाला लागते. हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. ज्याला समजत नाही तो खिडकीपासून उठत नाही आणि मग त्याला कायमचं समजतं.

या 'लागणे'चा एकदा निकाल लावावा म्हणून मी मोल्सवर्थसाहेबांचा कोश उघडला होता. १८३१ साली पहिल्यांदा छापलेला हा मराठी-इंग्रजी कोश आजही कपाटात असला की घराला वजन येतं. भूक लागणे, ठेच लागणे, नाद लागणे, नोकरी लागणे, वाट लागणे... वाचता वाचता दिवे लागले, तरी शब्द काही हाती लागला नाही.

'पाणी आलं' हे वाक्यही घ्या. एप्रिलमध्ये आमच्या आळीत कोणी "पाणी आलं!" म्हणून हाकारलं, की बायका बादल्या घेऊन नळाकडे पळतात. हेच वाक्य जुलैत बाजारपेठेत ऐकू आलं, तर सावित्री आणि गांधारी मिळून दुकानात शिरायला निघाल्या आहेत असं समजायचं. तेव्हा किराणावाले साखरेची पोती घेऊन माळ्याकडे पळतात. जुलै २०२१च्या पुरापासून तर शब्द पुरता उच्चारायच्या आत माणसं जिन्यावर असतात. आमच्याकडे वाक्याचा अर्थ लावायचा तर दोनच गोष्टी बघायच्या : महिना कोणता आणि ऐकणारा पळतोय कुठल्या दिशेला.

शेजारी कोण, यावर शब्दाचं किती अवलंबून असतं हे 'चवदार'इतकं दुसऱ्या कुठल्या शब्दाने मला शिकवलं नाही. उभ्या महाराष्ट्रात 'चवदार'च्या पुढे मिसळ येते, आमटी येते, फार तर भेळ. महाडात तळं येतं. एकदा पुण्याहून आलेल्या एका उत्साही तरुणाला मी फोनवर सांगितलं, "चवदार तळ्यापाशी या, मी तिथेच उभा आहे." पलीकडून लगेच प्रश्न आला, "हो काका, पण काय काय तळतात तिथे?" त्याचा तरी काय दोष? स्टँडवर उतरून तो भुकेला होता आणि माणूस रिकाम्या जागा आपापल्या पोटाप्रमाणे भरतो.

महाडच्या इतिहासातली सगळ्यात लांबलेली रिकामी जागाही याच तळ्याची : 'चवदार तळे ____ आहे.' कंसात दोन शब्द, सार्वजनिक आणि खासगी. आजूबाजूच्या खुणा बघितल्या तर पाचवीतल्या पोरानेही सोडवावा असा प्रश्न. तळं नगरपालिकेचं. चहूबाजूंनी रस्ते, तेही नगरपालिकेचे. पाणी हिंदू भरत, मुसलमान भरत, इतर धर्मांचे लोक भरत. गुरं पीत, पाखरं पीत. एका अस्पृश्य माणसाने तेवढा हात लावायचा नाही. आता कंसातला कुठला शब्द उचलायचा?

त्यात मुंबई कायदे कौन्सिलने उत्तर जवळजवळ फळ्यावर लिहूनच दिलं होतं. सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी तिथे मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केला, की अस्पृश्यांनी तळं वापरायला आमची हरकत नाही.

आता 'हरकत नाही' हा कोकणातला फार सावध शब्दप्रयोग आहे. "जेवायला थांबता?" "हरकत नाही." म्हणजे कडाडून भूक लागलीय. "तुमचे पैसे पुढच्या महिन्यात दिले तर?" "हरकत नाही." म्हणजे पुन्हा दारात उभं राहू नका. नगरपालिकेची हरकत नव्हती, गावाची होती. त्यामुळे ठराव दप्तरात राहिला आणि अस्पृश्य काठापासून लांब.

२० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या हजारो लोकांसह मांडवातून चालत निघाले, तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्यायले. रिकामी जागा शाईने भरली गेली. पाठोपाठ, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी हूल गावात उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. मग तळं 'शुद्ध' करायचं ठरलं. १०८ घागरी पाणी काढलं आणि मंत्रांच्या घोषात शेण, गोमूत्र, दूध, दही आत ओतलं. हे वाक्य मी भाचीला मुद्दाम घातलं : 'तळ्यात शेण आणि गोमूत्र ओतल्यामुळे पाणी ____ झाले.' कंसात शुद्ध, अशुद्ध. तिने 'अशुद्ध' लिहून खाली रेघही ओढली. त्यांना परिसर अभ्यासात जलप्रदूषणाचा धडा आहे. १९२७च्या महाडात तो नव्हता.

त्याच वर्षी नगरपालिकेला आपली हरकत असल्याचं आठवलं आणि तिने ठराव मागे घेतला. तारीख ४ ऑगस्ट. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती; वाढदिवस साजरा करायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. १२ डिसेंबरला सवर्णांपैकी काहींनी बाबासाहेबांवर दावा लावला आणि दोन दिवसांत मनाईहुकूम मिळवला. डिसेंबरअखेर पुन्हा जमलेल्या सत्याग्रहींना म्हणून तळ्याचं पाणी काही घेता आलं नाही. त्यांनी २५ तारखेला मनुस्मृतीला अग्नी दिला.

कोर्टात वादींनी पहिल्यांदा 'खासगी' हा शब्द बसवून पाहिला. तो बसेना, कारण तळ्याच्या मालकीच्या जागी नगरपालिका आधीच बसलेली होती. मग त्यांनी कंसाबाहेरून 'वहिवाट' आणली : अनादी काळापासून असंच चालत आलंय. अनादी काळाचा साक्षीदार कोर्टात उभा करणं अवघड. १९३१ साली महाडच्या कोर्टात दावा फेटाळला गेला. त्यांनी अपिलं केली आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही सांगितलं, की अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही.

हे सगळं भाचीला सांगत होतो तेव्हा ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"म्हणजे नऊ वर्षं आणि तीन महिने?"

"हो."

"एका रिकाम्या जागेला? आमच्या बाई वीस मिनिटांत पेपर ओढून घेतात."

"कोर्टात तसं नसतं गं."

"आणि कंसात शब्द किती होते?"

"दोन."

तिने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून तळ्याकडे बघितलं. "त्यांतला एक तर चुकीचाच होता ना, मामा," ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाला लागली.