सांध्यांसाठी वांगे सोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

गुडघा दुखू लागला की लगेच डॉक्टरकडे धावू नये. डॉक्टर आधी वजनकाट्यावर उभे करतात. त्यापेक्षा संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर जाऊन बसावे. तिथे फी न घेता निदान होते : "वांगं बंद करा, वातूळ असतं." हल्ली या निदानाला मोबाइलवरून पुष्टीही मिळते. वांगे, बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही एकाच सोलॅनेसी कुळातली मंडळी आणि सांध्यांचे दुखणे त्यांच्यामुळेच, असे त्यात सांगितलेले असते. मग पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात. गुडघ्याला त्रास होणार नाही.

पायरी १ : आरोपपत्र वाचावे. अमेरिकेतले फलोद्यानशास्त्राचे प्राध्यापक नॉर्मन चाइल्डर्स यांचे स्वतःचे सांधे दुखत. या भाज्या सोडल्यावर त्यांना बरे वाटले आणि १९७० च्या दशकात त्यांनी ही गोष्ट जगाला सांगितली. तेव्हापासून खटला चालू आहे, भक्कम पुरावा अजून दाखल व्हायचा आहे. मुख्य संशयित सोलॅनिन हे द्रव्य. ते बटाट्याच्या हिरव्या पडलेल्या सालीत आणि कोंबांत साठते आणि शिजवूनही फारसे जात नाही, म्हणून असे बटाटे खुशाल फेकून द्यावेत. चांगल्या बटाट्यात ते अगदी थोडे असते. शिवाय चरकसंहितेत सांधेदुखीचे वर्णन आहे. बटाटा, टोमॅटो आणि मिरची मात्र अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आली. त्याआधीची कित्येक शतके आपल्या पूर्वजांचे गुडघे कोणाच्या नावाने दुखत होते, हा प्रश्न बाकावर विचारू नये.

पायरी २ : घराची झडती घ्यावी. एकट्या वांग्याला हद्दपार करून भागत नाही, कूळ सोडायचे तर सगळे सोडावे. वडापावातून वड्यातला बटाटा, लाल चटणी आणि तळलेली मिरची वजा करावी. उरलेला पाव शांतपणे खावा. मिसळीची तर्री गेली, पावभाजी तर मुळासकट गेली. लोणच्यात तिखट असते, गोड्या मसाल्यातही सुकी मिरची असते. उपवास केला तरी सुटका नाही, कारण साबुदाण्याच्या खिचडीत बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची ठाण मांडून बसलेल्या असतात. काळे मिरे, आले, सुरण आणि रताळे या कुळातले नाहीत, त्यांना निर्दोष सोडून द्यावे. आंबटपणाला चिंच आहे, आमसूल आहे. भरल्या वांग्याऐवजी भरला दोडका करता येतो. तो केल्यावर घरातल्या कोणाच्याही तोंडाकडे पाहू नये.

पायरी ३ : कुळातले बाकीचे सदस्य मोजावेत. इथे भलेभले घसरतात. प्रत्येक पंगतीत एक अण्णा असतात. ते पानातली वांग्याची फोड बोटाने कडेला सारतात. "नको गं सूनबाई, गुडघे धरतात." जेवण उरकले की हेच अण्णा चंची सोडतात, डाव्या तळहातावर तंबाखूची चिमूट घेतात, नखाने चुना लावतात, अंगठ्याने मळतात, दोन थापा मारून भुकटी उडवतात आणि गोळी खालच्या ओठाआड सारतात. तंबाखू वांग्याची सख्खी भावकी. धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो, हेही सिद्ध झालेले आहे. पण वड्याचे तेल वांग्यावर काढायचे एकदा ठरल्यावर तंबाखूला कोण विचारतो? रात्री अण्णा सांध्यांसाठी कोमट दुधातून अश्वगंधा घेतात. तीही याच कुळातली. गुडघ्याला चोळायच्या काही मलमांत कॅप्सेसिन असते, म्हणजे मिरचीला तिखट करणारे द्रव्य. त्याच द्रव्याच्या मदतीने मज्जातंतूंतला उष्णतेचा आणि दाहाचा संवेदक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे मिरची खाल्ली तर गुन्हेगार, चोळली तर वैद्य.

पायरी ४ : मुहूर्त जपून निवडावा. कांदेनवमीला वांग्यांचा फडशा पाडून चातुर्मासात ती वर्ज्य करायची आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करायची, हा आपला जुना प्रयोग. त्यात खोट एवढीच की चंपाषष्ठी ऐन मार्गशीर्षात येते. थंडीने सांधे आखडतात, त्याच सुमारास पानात भरीत येते आणि आळ भरितावर जातो.

खरेच पारख करायची असेल तर एक वही करावी. तीन-चार आठवडे हे सगळे कूळ बंद ठेवून दुखणे रोज शून्य ते दहामध्ये मांडावे. त्या काळात नवे तेल, नवा काढा किंवा नवा व्यायाम सुरू करू नये. चालू औषधे डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत. नंतर एकेक भाजी काही दिवसांच्या अंतराने परत आणावी. एखादीने दोन-तीनदा ठरल्यासारखे दुखणे वाढवले, तर तेवढीच सोडावी. शरीरे वेगवेगळी असतात, कोणाला टोमॅटो खरोखर सोसत नसेल. पण एकाला सोसत नाही म्हणून अख्ख्या आळीने सोडू नये.

पायरी ५ : वांग्याचा निकाल लागेपर्यंत गुडघ्याकडेही थोडे लक्ष द्यावे. झिजेच्या गुडघेदुखीत एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम दुखणे कमी करतात. दोन्ही गोष्टी वांगे खाणाऱ्यालाही जमतात. सांधे सुजत असतील किंवा सकाळी उठल्यावर तासभर आखडून राहत असतील, तर वही आणि बाक दोन्ही सोडून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा, सोबत ताप येत असेल तर त्याच दिवशी. हा आमवात असला, तर वेळेवर औषध सुरू झाल्यास सांधे वाचवता येतात. एकदा खराब झालेला सांधा वांगे सोडून परत मिळत नाही.