बँकर कर्जतलाच राहिला

कामशेतला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या एका प्रोग्रामरने मोठ्या प्रोग्रामला जोडायचं प्लगइन म्हणून सी प्लस प्लसमधली डीएलएल बांधायला घेतली. फोटो वाचण्यासाठी त्याने बाहेरची एक लायब्ररी वापरली होती, कुणीतरी लिहून फुकट वाटलेली. बिल्ड दाबलं. बाहेर जुलैचा पाऊस, आत एलएनके २०१९!

याला म्हणतात अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिम्बॉल. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी बांधताना एखादं फंक्शन सापडलं नाही, तरी लिंकर सहसा 'चालवताना बघू' म्हणून सोडून देतो. विंडोजच्या लिंकरकडे उधारी नाही. प्रत्येक नाव कुठून येणार ते आत्ताच्या आत्ता सांगा. म्हणजे बाहेरच्या लायब्ररीची .लिब फाइल हवाली करा.

पण .लिब दोन जातींच्या असतात, स्टॅटिक आणि इम्पोर्ट, आणि दिसतात सारख्याच. फरक कळायला घाटातली रेल्वे बघा. १८६३ साली सुरू झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेमार्गावर सदतीसात एक असा चढ आहे, म्हणून मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्याला सुटतात. स्टॅटिक लिब म्हणजे बँकर गाडीला कायमचा जखडून टाकणं. गाडी जड होते, पण घोर नाही. इम्पोर्ट लिब म्हणजे 'बँकर कर्जतला उभा असेल' अशी नुसती चिठ्ठी. चिठ्ठी बघून लिंकर खूश. घाट मात्र चिठ्ठीवर चढत नाही.

आपल्या प्रोग्रामरकडे चिठ्ठी होती. लिंकर गप्प झाला, डीएलएल तयार झाली, तळेगावच्या एका कारखान्यात पोचली. तिथून सर्व्हिसवाल्या पोराचा फोन.

"सर, एरर १२६. मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय."

"फाइल टाकली का?"

"टाकली की! समोर दिसतेय."

"मग कुठलं मॉड्यूल?"

"ते नाही सांगत."

खरंच सांगत नाही. तुमची डीएलएल जागेवर असली, पण ती जिच्यावर अवलंबून आहे ती दुसरी गायब असली, तरी संदेश हाच. दुसरी पाठवली, पोराने ती प्लगइनच्या फोल्डरात, पहिलीच्या शेजारी ठेवली. पुन्हा १२६! कारण साध्या पद्धतीने लोड केल्यावर विंडोज प्लगइनच्या शेजारी पाहतच नाही. मुख्य ईएक्सई ज्या फोल्डरात आहे तिथे पाहतं, मग सिस्टिम३२ मध्ये. (या सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटी फाइली असतात आणि ३२ बिटी फाइली सिसवॉव६४ मध्ये. मायक्रोसॉफ्टलाच नमस्कार.)

शेवटी डीएलएल कुणाकुणावर अवलंबून आहे त्याची यादी देणारं डंपबिन चालवलं, तेव्हा यादीत आणखी एक पाहुणी निघाली: एमएसव्हीसीपी१४०डी. डीबग बिल्डची ही डीएलएल व्हिज्युअल स्टुडिओसोबत येते, आणि ग्राहकाला वाटायला परवाना नाही. कामशेतला सगळं सुरळीत चालत होतं ते हिच्याच कृपेने.

तेव्हा मंडळी, डीएलएल झिप करण्याआधी बिल्ड रिलीजवर न्या, डंपबिनला डिपेंडंट्स विचारा, आणि यादीतल्या १४०च्या पुढे 'डी' दिसला तर मेल पाठवू नका.