अण्णांची काव्यशाळा

संध्याकाळी पाचच्या सुमाराला काही घरांत चहाचं आधण आणि आजोबांचा गळा एकाच वेळी तापू लागतो. असे काव्यप्रेमी आजोबा मराठी मुलखात गल्लोगल्ली आहेत. सोयीसाठी त्यांना अण्णा म्हणू. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले असतात. नोकरीत असताना त्यांनी कविता वाचल्या त्या फक्त निरोपसमारंभांत, कारण बटाटेवडा हातात पडेपर्यंत तिथून कुणी उठत नाही. तोच अनुभव ते आता नातवंडांवर वापरतात. बिस्किटांचा डबा त्यांच्या मांडीवर असतो आणि कविता संपल्याशिवाय त्याचं झाकण निघत नाही.

श्रोते चार ते नऊ वर्षांचे. दोन घरचे, तीन शेजारचे. थोरल्यांना कपात, धाकट्यांना बशीत. चहा रंगापुरता, बाकी दूध. अण्णांना मात्र आलं ठेचून घातलेला कडक. सुरुवात परंपरेपासून. "1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश! ही मंडळीसुद्धा चहाला जमून कविताच वाचायची, बरं का!"

"त्यांना खारी मिळायची का?"

हा तपशील अण्णांच्या वाचनात आलेला नसतो. ते घाईघाईनं बालकवींकडे वळतात. त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ही पदवी मिळाली, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती, हे ते भारावून सांगतात. "विशी म्हणजे केवढा मोठा!" चार वर्षांची श्रोती म्हणते. "आमच्या दादाला सतराव्या वर्षीच मिशी आलीय."

मग छंदशास्त्र. पादाकुलकाच्या चरणात सोळा मात्रा असतात, हे बशीवर चमचा वाजवून शिकवलं जातं. लघूला एक ठोका, गुरूला दोन. बाराव्या मात्रेपर्यंत पाचही चमचे वाजू लागतात आणि स्वयंपाकघरातून माईंचा आवाज येतो, "अहो, बशा लग्नातल्या आहेत!"

एवढं झाल्यावर कविता. आणि इथं कबूल केलं पाहिजे की अण्णा वाचतात छान. पाऊस वाचताना आवाज बारीक होतो, वाघ वाचताना भुवया वर जातात. मुलं चहा विसरतात. धाकट्याच्या बशीत साय धरते. इथंच थांबले असते तर अण्णा थोर झाले असते. पण ते चष्मा काढतात, पुसतात आणि विचारतात, "तर मग, कवीला इथं काय म्हणायचं आहे?"

एकाला शू लागते. दुसरीला गृहपाठ आठवतो. एरवी गृहपाठ कुणाला आठवला तर घरात पेढे वाटतील.

ज्या विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, त्यांनीच 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' ही पुस्तकं लिहिली, याचा अण्णांना फार अभिमान. त्यांचा बेत असा, की एटूंच्या देशातून पोरांना हळूहळू ॲरिस्टॉटलपर्यंत न्यायचं. पोरं एटूंच्या देशातच मुक्काम ठोकून आहेत.

शेवटी माई येतात, काही न बोलता डबा उचलतात आणि पार्ले-जी वाटून टाकतात. अण्णांच्या मते ही साहित्यातली ढवळाढवळ. पण खरी मौज त्यानंतरच सुरू होते. भरल्या तोंडानं मुलं मघाचीच कविता म्हणू लागतात, आणि तिच्यात वाघाच्या जागी खालच्या मजल्यावरच्या काकांचं कुत्रं येतं, दुसऱ्या कडव्यात अण्णांची कवळी येते. अण्णा रागावतात; सवयीनं बोटांवर मात्रा मोजतात. सोळा. पुन्हा मोजतात. सोळाच! ज्यांना लघू-गुरू शेवटपर्यंत कळले नाहीत, त्यांनी कवळी चरणात चपखल बसवलेली असते.

मोडतोड करता आली की कविता मुलांची झाली, एवढं या वर्गातून सिद्ध होतं. तेव्हा घरोघरच्या अण्णांनो, वाचा, जरूर वाचा; वाघाच्या वेळी भुवयाही उंचवा. फक्त कविता संपली की अर्थ विचारू नका, बिस्किटं वाटा.