राव्हेन्नातला ओंडका

मोझॅकचा स्टुडिओ थाटायला काच, दगड, चुना आणि उत्तरेचा उजेड लागतो, असं बायकोनं मला पुण्यात सांगितलं होतं. ओंडका लागतो हे इटलीत पोचल्यावर सांगितलं. पुण्यातच सांगितलं असतं तर मी आलो नसतो, हे तिला ठाऊक असावं.

पण ओंडक्याच्या आधी कागद. ‘कोदिचे फिस्काले’ नावाचा १६ अक्षर-आकड्यांचा करक्रमांक हातात पडेपर्यंत इथे माणूस धड जन्मलेलाच नसतो. या क्रमांकात जन्मतारीख गुंफलेली असते आणि बाई असली तर तारखेत ४० मिळवतात. बायको ५ तारखेची. इटलीच्या दप्तरी ती आता ४५ तारखेला जन्मली आहे. “वयात नाही मिळवले, हे नशीब,” ती म्हणाली. बाकीच्या सरकारी अर्जांवर चिकटवायचा १६ युरोचा स्टॅम्प सिगारेटच्या दुकानात मिळतो. जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचे अर्ज परत केलेल्या मला या देशाबद्दल आदर वाटू लागला.

मामेसासऱ्यांना हा सगळाच खटाटोप पटलेला नव्हता. त्यांच्या गच्चीवर फुटक्या टाइलांचा चायना मोझॅक आहे आणि तो अजून गळलेला नाही. “त्यासाठी कोणी परदेशी जातं का?” असं ते निघताना म्हणाले होते. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी सान व्हिताले चर्चमधून त्यांना फोटो पाठवले. ५४७ साली अभिषेक झालेलं हे चर्च. वेदीच्या एका बाजूला सम्राट जस्टिनियन आणि समोर सम्राज्ञी थिओडोरा, दोघंही लवाजम्यासह भिंतीवर उभे आहेत. यांनी स्वतः राव्हेन्नात कधी पाऊल ठेवलं नाही. आमच्यासारखं सामानासुमानासकट येण्यापेक्षा हे बरं. सोनेरी तुकडे मुद्दाम किंचित तिरपे बसवलेले असतात, म्हणजे आपण चालू लागलो की उजेडही भिंतीवरून चालू लागतो. मामेसासऱ्यांचं उत्तर आलं: “ओळंबा लावलेला दिसत नाही.”

खोली तळमजल्यावर मिळाली. भिंतींना ओल होती. कुरकुर केल्यावर घरमालक आम्हाला सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये घेऊन गेले. १३२१ साली महाकवी दान्तेवर अंत्यसंस्कार झाले ते हेच चर्च. शहराची जमीन शतकानुशतकं खचत आलेली, त्यामुळे वेदीखालच्या तळघरात पाणी साचलेलं असतं. नाणं टाकलं की दिवा लागतो आणि जुन्या मोझॅकच्या फरशीवरून सोनेरी मासे फिरताना दिसतात. घरमालकांनी नाणं टाकलं, आम्हाला मासे पोटभर बघू दिले आणि शांतपणे विचारलं, “तुमच्या खोलीत मासे आहेत का?”

भाडं कमी झालं नाही.

आता ओंडका. त्याच्या माथ्यात एक पोलादी छिन्नी धार वर करून ठोकायची. त्या धारेवर चिमटीत काच धरायची आणि दोन्ही टोकांना निमुळत्या हातोडीनं वरून टोला द्यायचा. बोट वाचलं तर तुकडा पडतो. छिन्नी-हातोडी विकत मिळते, ओंडका मिळत नाही. शहराबाहेर पाइनचं जंगल आहे, पण ते राखीव, शिवाय दान्तेच्या ‘पुर्गातोरिओ’त त्याचा उल्लेख. महाकाव्यातल्या झाडाला करवत लावणं बरं दिसत नाही.

शेवटी जळाऊ लाकडाची वखार गाठली. वखारवाले क्विंटलच्या हिशेबात बोलत होते. एकच ओंडका हवा म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे दयेनं पाहिलं. बायकोनं “मोझॅक” म्हटलं मात्र, त्यांनी टोपी मागे सरकवली, तिला एका पेटीवर बसवलं, गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि उपवर मुली दाखवाव्यात तसे एकेक ओंडके समोर मांडले. हा कोवळा, त्याला चीर, तो दिसायला चांगला पण आतून पोकळ. ओकचा एक पसंत पडला. तो मी उचलला.

बसमध्ये ड्रायव्हरनं ओंडका बाबागाडीच्या जागेवर ठेवायला लावला. पुढच्या स्टॉपपर्यंत बसमध्ये दोन तट पडले होते. छिन्नी लाकडाच्या रेषेत ठोकली तर ओंडका फाटेल, असं एका आजोबांचं म्हणणं, तर खाली वाळूची पेटी नसेल तर शेजारी फाटतील, असं एका बाईंचं. ज्या गावात रस्त्यांच्या नावांच्या पाट्याही मोझॅकच्या असतात, तिथे या विषयावर मत नसलेला माणूस बसमध्ये मी एकटाच होतो.

इमारतीचा नियम दुपारी एक ते चार आवाज नको असा. पुणेकराला हे शिकवावं लागत नाही. चार वाजता बायकोनं पहिला टोला दिला आणि थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरच्या सिन्योरा सपाता फटफटवत खाली आल्या. आता भांडण, म्हणून मी पुढे झालो. त्यांनी मला हातानं बाजूला सारलं.

“मारायचं नाही. हातोडीला पडू द्यायचं,” असं म्हणून त्या बसल्या आणि टक्कन एक निळा चौकोन पाडला. मग कागदावरचं रेखाटन पाहिलं. गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीतली, पाण्याच्या भांड्यावर बसलेली कबुतरं. “कबुतरं! या गल्लीत सगळ्यांच्या घरात आहेत. तुमच्याकडे दुसरे पक्षी नाहीत?”

“अहो, कावळा काढू?” बायकोनं मराठीत विचारलं. मी काही म्हणायच्या आत सिन्योरांनी माझ्याकडे बोट केलं. हे काय करतात?

“बँकेत होते.”

सिन्योरांनी जरा विचार केला, दारामागचा झाडू काढून माझ्या हातात दिला आणि ओंडक्याच्या पलीकडे राहिलेली किरच दाखवली.