मिजाज शरीफ?

लखनौला कुणीही भेटला की आधी विचारतो, ‘मिजाज शरीफ?’ बँकेच्या बदलीवर नवानवा गेलो तेव्हा मी चपापलोच. आपल्याकडे मिजास म्हणजे दुसऱ्याची उतरवायची गोष्ट. इथे तिची हात जोडून चौकशी! पुढे उमगले, हा मिजाज युनानी वैद्यकातला. दम, बलगम, सफरा आणि सौदा, म्हणजे रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त यांचा देहातला मेळ. पण म्हणून कुणी पित्ताचा हिशेब देत नाही. ‘आपकी दुआ है’ म्हणायचे आणि आपापल्या वाटेला लागायचे.

हिशेब देतात ते फक्त निवृत्त मराठी काका.

आमचे काका आरडीएसओतून, म्हणजे मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. जन्मभर रेल्वेच्या तपासण्या केल्या, आता स्वतःची चालू आहे. ‘मिजाज शरीफ?’ म्हटले की ते रात्री अडीचच्या ढेकरेपासून सुरुवात करतात. ऐकणारा लखनौचा, मध्येच उठणे त्याच्या तहजिबीत बसत नाही. कैसरबागेत एक सभ्य गृहस्थ वितळती कुल्फी हातात धरून काकांची बद्धकोष्ठता ऐकताना मी पाहिले आहेत. कुल्फी संपली, कोठा काही साफ झाला नाही.

काकांना देहाविषयी रोज एक प्रश्न पडतो. एक पांढरा केस उपटला तर चार येतात का? उचकी आठवणीने लागते की तिखटाने? शहरात विचारायला जागाही भरपूर. झवाई टोल्यात 1902 साली सुरू झालेले तकमील-उत-तिब कॉलेज, 1911 पासून शिकवणारे किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज आणि 1951 साली नवाबांच्या छत्तर मंझिलीत सुरू झालेली सीडीआरआय ही औषध-संशोधन संस्था. काका तिन्हीकडच्या ओळखी राखून आहेत. शेवटचे मत पुण्याच्या बहिणीचे, फोनवर. ते कायम सुंठ हेच असते.

बोटे मोडली की आवाज कसला, याचे उत्तर एका तरुण डॉक्टरने दिले. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, म्हणून तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही. वीसेक मिनिटे थांबावे लागते. काकांनी घड्याळ पुढ्यात ठेवून दहाही बोटे मोडली आणि वहीत नोंद केली : ‘डावा अंगठा, एकवीस मिनिटे. विलंबाने.’

उत्तरे पाळण्याचे मात्र बंधन नाही. अमीनाबादेत ते एकदा कान साफ करणाऱ्यापुढे डोळे मिटून बसलेले दिसले.

‘काका, मळ आपोआप बाहेर येतो, कानात काडी घालू नका असं डॉक्टर म्हणाले होते ना?’

‘अरे, ते मला म्हणाले. मी कुठे घालतोय? हा घालतोय!’

शेवटी काकूच कडाडल्या, ‘जगाला उचक्या विचारता, एकदा स्वतःच्या रक्तातली साखर बघा!’ जानेवारीतल्या एका सकाळी चौक भागातल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी त्यांना उपाशीपोटी घेऊन गेलो. नंबर तिसरा. सुई घेतलेल्या मुलाने नाव पुकारले. काका उठले, मागच्या माणसाकडे वळून झुकले आणि म्हणाले, ‘पहले आप.’

‘नहीं हुजूर, पहले आप.’

लखनौत या सामन्यात मराठी माणूस जिंकलेला मी पहिल्यांदाच पाहिला. काकांनी ओळीने नऊ जणांना पुढे घातले. दहावा माणूस उरला नाही तेव्हा ‘आलोच’ म्हणून बाहेर सटकले. शोधत गेलो तर गोल दरवाज्यापाशी उभे. हातात मक्खन मलाईचा दोना. रात्रीच्या दवात ठेवलेल्या दुधाचा तो केशरी फेस मिशीला लागलेला.

‘अरेरे,’ मला पाहून काका म्हणाले, ‘उपास मोडला की रे! आता आज साखर बघून काय उपयोग?’ आणि दुसरा दोना माझ्यापुढे धरला.

तेव्हा वाचकहो, लखनौला गेलात तर ‘पहले आप’ जरूर म्हणा. दारात म्हणा, टांग्यात चढताना म्हणा. रक्त द्यायला नंबर लागला की मात्र गुपचूप बाही वर करा.